सटवाईने न लिहिलेला आकडा

मध्यंतरी आम्ही सांगलीस आक्काच्या घरी गेलो होतो. आमचे दाजी मार्केट यार्डात हमाली करतात. हळदीची पोती वाहण्यात त्यांची उभी हयात गेली. त्यांच्या नातवाचा पंचवीस टक्के राखीव जागांतील शाळाप्रवेशाचा अर्ज आम्हीच भरून दिला होता. जातीचा दाखला, जन्माचा दाखला, रहिवासाचा पुरावा, सारे कागद आम्ही स्वतः दोनदा तपासले होते. सोडत निघाली. गल्लीतल्या दोन मुलांचे नंबर लागले. आमच्या नातवाचा लागला नाही.

चहा झाला आणि दाजींनी हळूच विचारले, "पाहुणं, तुम्ही कचेरीतलं माणूस. खरं सांगा, ही सोडत खरी असती का वो?"

आम्ही म्हणालो, "असते दाजी. संगणकावर निघते. त्यात माणसाचा हात नसतो."

तेवढ्यात उंबऱ्यावर बसलेल्या शेजारच्या मावशी म्हणाल्या, "सटवीनं पोराच्या कपाळी लिवलंच न्हाई, तर तुमी कागद भरून काय करणार?"

वाचकहो, त्या रात्री साताऱ्याच्या एस.टी.त बसल्यावर आमच्या मनाला एक गोष्ट लागून राहिली. सटवाईने लिहिले, असे म्हणणाऱ्या मावशींना आम्ही मनातल्या मनात हसलो होतो. पण संगणकात माणसाचा हात नसतो, हे आम्ही तरी कशाच्या आधारावर बोललो? आम्हीही ते कोणाकडून तरी ऐकलेले होते. कोणी थोर माणसाने सांगितले किंवा सगळेच म्हणतात म्हणून मानू नका, स्वतः पडताळून पाहा, ही तथागतांनी कालामांना दिलेली शिकवण आपण विहारात ऐकतो. मग सोडतीच्या बाबतीत आपण ती का विसरतो? त्या सोडतीत काही गैर झाले, असे आम्ही म्हणत नाही. खरे झाले हे सिद्ध कसे करायचे, एवढाच आमचा प्रश्न आहे. या प्रश्नामागे लागून आम्ही जे वाचले, समजून घेतले, ते आज आपल्यापुढे मांडतो.

चिठ्ठी हा आपल्या जीवनातला क्षुल्लक विषय नाही. बालकांच्या शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याने खासगी शाळांच्या प्रवेशवर्गातील पंचवीस टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठी ठेवल्या. अर्ज जास्त आणि जागा कमी, म्हणून सोडत. १९९३ साली त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अंमलात आली. तेव्हापासून कोणत्या गावचे सरपंचपद महिलेसाठी राखीव, हे ठरवताना चिठ्ठ्या निघतात. म्हाडाच्या घरांची सोडत तर घरोघरी माहीत आहे. निवडणुकीत मते समसमान पडली तर चिठ्ठीवर निकाल लावण्याची तरतूद कायद्यातच आहे. २०१७ च्या फेब्रुवारीत मुंबई महापालिकेच्या प्रभाग २२० मध्ये भाजपचे अतुल शहा आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर या दोघांना प्रत्येकी ५,९४६ मते पडली. शेवटी चिठ्ठी काढली आणि शहा निवडून आले. हजारो मतदारांचा कौल एका कागदाच्या घडीवर येऊन थांबला.

चिठ्ठीचा वाईट चेहराही आपल्या वस्त्यांनी पाहिला आहे. सातारा-सांगलीकडची किती तरी माणसे मुंबईच्या गिरण्यांत होती. पगाराच्या दिवशी पाकिटातली नोट मटक्याच्या टपरीवर कशी जायची, हे त्या पिढीच्या बायकांना विचारावे. हा मटका आरंभी मडक्यातला नव्हता. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले भाव तारेने मुंबईस येत आणि त्यांच्या आकड्यांवर पैसे लागत. न्यूयॉर्कचा भाव मुंबईतल्या कोणा शेठजीला ठरवता येत नाही, हा खेळणाऱ्यांचा भरवसा होता. ते भाव येणे बंद झाले, तेव्हा १९६० नंतरच्या काळात मडक्यातून चिठ्ठ्या आणि पुढे पत्ते काढणे सुरू झाले. आकडा बाहेरून येण्याऐवजी धंदा चालवणाऱ्याच्याच हातून निघू लागला. मटका वाईट तो वाईटच. पण त्यातून एक धडा घ्यावा. ज्याचा सोडतीत फायदा-तोटा आहे, त्याच्या हाती आकडा काढण्याचे काम असू नये.

आता चिठ्ठी बिघडते कशी ते पाहू. एक प्रकार निष्काळजीपणाचा. अमेरिकेत १ डिसेंबर १९६९ रोजी व्हिएतनामच्या युद्धावर कोणत्या तरुणांना आधी धाडायचे, याची सोडत निघाली. वर्षातील ३६६ तारखा ३६६ डब्यांत घातल्या होत्या. ते डबे महिन्यांच्या क्रमाने भरले आणि नीट कालवले नाहीत. त्यामुळे वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत जन्मलेल्या मुलांचे नंबर प्रमाणाबाहेर लवकर लागले. कोणी मुद्दाम केले नव्हते. पण ज्या आईचा मुलगा लढाईवर गेला, तिला त्याचे काय?

दुसरा प्रकार लबाडीचा. अमेरिकेतच अनेक राज्यांच्या एकत्र लॉटरी-संस्थेत एडी टिप्टन नावाचा अधिकारी संगणकाच्या सुरक्षेचा प्रमुख होता. आकडे काढणाऱ्या यंत्रातच त्याने छुपी आज्ञावली घातली. वर्षातले ठरावीक दिवस सोडले तर यंत्र सरळ वागायचे. त्या दिवशी मात्र कोणते आकडे येऊ शकतील, याचा अंदाज त्याला आधीच बांधता येई. २०१० साली एक कोटी पासष्ट लाख डॉलरच्या बक्षिसाचे तिकीट त्यानेच घेतले होते. दुकानातल्या कॅमेऱ्याच्या चित्रावरून तो पुढे सापडला. २०१७ साली त्याला पंचवीस वर्षांपर्यंतच्या कैदेची शिक्षा झाली. ते यंत्र तपासणी होऊन आलेले होते, हे लक्षात घ्या. ज्याच्याकडे तिजोरीची राखण, तोच चोर निघाला.

आम्ही वाणिज्य शाखेचे. हिशेब तपासणीत आम्हाला शिकवले होते की, रोखपालाचा चेहरा पाहून वही बरोबर ठरवायची नाही. पण आकड्यांच्या बाबतीत एक मोठी अडचण आहे. समजा, कोणी यंत्रातून हजार आकडे काढून दाखवले. एक ते नऊ सारे सारख्या प्रमाणात आले, क्रम काही दिसत नाही. शास्त्रज्ञांच्या साऱ्या कसोट्यांना ते उतरले. तरी ते आकडे काल रात्रीच काढून, त्यांची एक प्रत कोणाच्या खिशात ठेवली असेल तर? आकड्यांकडे पाहून ते कळणार नाही. नाणे उडवून काढलेली यादी काल काढलेली असो वा आज, ती सारखीच दिसते. म्हणजे आकडा वेडावाकडा दिसणे वेगळे आणि तो आधी कोणालाच माहीत नसणे वेगळे. आपल्याला दुसऱ्या गोष्टीची खात्री हवी आहे. हा आकडा आधी कुठेही लिहिलेला नव्हता, कोणाच्या वहीत नव्हता, यंत्र करणाऱ्याच्या डोक्यात नव्हता आणि मावशींच्या सटवाईच्या लेखणीतही नव्हता, असा दाखला कोणी देऊ शकेल काय?

फार काळ उत्तर 'नाही' असेच होते. आता ते 'होय, काही अटींवर' असे आहे. तो दाखला निघाला तो अणूंच्या आणि प्रकाशकणांच्या विज्ञानातून, ज्याला पुंज-विज्ञान म्हणतात.

या विज्ञानात एक विचित्र गोष्ट आहे. दोन कण एकत्र घडवले की ते एकमेकांत असे गुंफले जातात की, पुढे दूर नेले तरी त्यांच्यावर केलेल्या मापनांची उत्तरे जुळत राहतात. १९३५ साली आइन्स्टाइन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी यावर शंका घेतली. त्यांच्या म्हणण्याचा रोख असा की, पुंज-विज्ञान अपुरे आहे आणि कणांच्या गुणधर्मांत आपल्याला न दिसणारे असे काही आधीच ठरलेले असले पाहिजे. सोप्या भाषेत, दोन्ही कणांच्या कपाळी उत्तरे लिहिलेली असली पाहिजेत.

तीस वर्षे हा वाद नुसता वाद राहिला. त्यावर कसोटी सुचवली ती जॉन बेल यांनी १९६४ साली. बेल हे बेलफास्टच्या गरीब घरातले. भावंडांत चौदा वर्षांपुढे शाळेत राहिलेले ते एकटेच. सोळाव्या वर्षी शाळा संपल्यावर पैशाअभावी त्यांनी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मदतनिसाचे काम धरले आणि मग त्याच ठिकाणी ते विद्यार्थी झाले. आपल्या मुलामुलींना हे अवश्य सांगावे.

बेल यांच्या विचारातून निघालेली कसोटी आम्ही एका खेळाच्या रूपाने मांडतो. कागद-पेन्सिल घेऊन बसावे. घरातल्या आठवी-नववीच्या मुलाला हे सहज कळेल.

आमची मुलगी साताऱ्यात आणि आक्काची सून सांगलीत बसली आहे, असे धरा. दोघींजवळ एकेक पंच. प्रत्येक डावाला पंच नाणे उडवतो आणि आपल्यासमोरच्या बाईला लाल किंवा पांढरी चिठ्ठी दाखवतो. तिने लगेच 'हो' किंवा 'नाही' म्हणायचे. फोन नाही, निरोप नाही. जिंकण्याचा नियम असा: दोन्ही ठिकाणी लाल चिठ्ठी निघाली तर दोघींची उत्तरे वेगळी हवीत. बाकी तिन्ही वेळा उत्तरे सारखी हवीत. खेळाआधी दोघींनी हवे तेवढे ठरवून घ्यावे.

आता पाहा. दोघींनी उत्तरे आधी लिहून ठेवली आहेत. पांढरी-पांढरी आली तर उत्तरे सारखी, म्हणून साताऱ्याचे पांढरीचे उत्तर आणि सांगलीचे पांढरीचे उत्तर एक. सातारा पांढरी, सांगली लाल, तरी सारखी, म्हणून सांगलीचे लालचे उत्तरही तेच. सातारा लाल, सांगली पांढरी, तरी सारखी, म्हणून साताऱ्याचे लालचे उत्तरही तेच. म्हणजे चारी उत्तरे एकच झाली. मग लाल-लाल आले की ती वेगळी कशी होणार? होणार नाहीत. चारांतला एक प्रकार हरणारच. कितीही हुशारीने ठरवा, डावागणिक नवी यादी करा, शंभरात सरासरी पंचाहत्तरच्या वर जाता येत नाही. थोड्या डावांत दैवयोगाने जास्त जिंकता येईल, पण हजारो डावांत तो योग टिकत नाही.

आता दोघींच्या हाती एकेक बंद पेटी द्या. दोन्ही पेट्यांत एकमेकांत गुंफलेले कण आहेत. चिठ्ठीच्या रंगाप्रमाणे बाईने पेटीतल्या कणाचे मापन करायचे आणि पेटी जे सांगेल ते बोलायचे. पुंज-विज्ञानाच्या हिशेबाने त्या शंभरात सुमारे पंच्याऐंशी डाव जिंकू शकतात!

हे खरोखर घडते का? १९७२ साली अमेरिकेत जॉन क्लाउझर आणि त्यांच्या सहकाऱ्याने आणि १९८२ साली फ्रान्समध्ये अ‍ॅलन अ‍ॅस्पे यांच्या गटाने असे प्रयोग केले. त्यांत पळवाटा राहिल्या होत्या. २०१५ साली हॉलंडमधील डेल्फ्ट येथे दोन हिरे सुमारे तेराशे मीटर अंतरावर ठेवून त्या पळवाटा बंद केल्या. तेथे २४५ डाव झाले आणि १९६ जिंकले. म्हणजे शंभरास ऐंशी. ऑस्ट्रियाचे अँटन झायलिंगर यांनीही या विषयात मोठे काम केले. क्लाउझर, अ‍ॅस्पे आणि झायलिंगर यांना २०२२ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. जॉन बेल १९९० सालीच वारले होते.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की, पंचाहत्तरच्या वर डाव जिंकले आणि पेट्यांना निरोप पाठवण्याची संधी नव्हती, तर उत्तरे आधी लिहिलेली नव्हती. कारण लिहिलेल्या उत्तरांनी पंचाहत्तरच्या वर जाताच येत नाही, हे आपण आताच कागदावर पाहिले. म्हणजे त्यांतली निदान काही उत्तरे अगदी त्या क्षणी जन्मली. पंचाहत्तरच्या जितके वर, तितका त्यांतला बिनठरवलेला अंश जास्त. मग गिरणीतून आणलेले पीठ चाळून घ्यावे, तसे गणिताच्या चाळणीतून तो अंश वेगळा काढता येतो. दुसरी गोष्ट त्याहून मोलाची. यासाठी पेटी उघडून पाहावी लागत नाही! पेटी कोणी केली, तो टिप्टनसारखा लबाड होता की भला, हे विचारावे लागत नाही. डावांची बेरीज करायची आणि पाहायचे. रोखपालाच्या चेहऱ्याकडे न बघता वही तपासण्याचाच हा प्रकार आहे.

कोणी विचारील, मग साताऱ्याहून सांगलीस कणांच्या मार्फत निरोप पाठवता येईल काय? नाही. सांगलीची सून एकटीच आपली उत्तरे पाहील तर तिला निम्मे 'हो' आणि निम्मे 'नाही' एवढेच दिसेल. साताऱ्यात काय झाले, ते त्यावरून कळत नाही. दोघींचे कागद शेजारी ठेवल्यावरच जुळणी दिसते. हे दूरवरचे जुळणे शास्त्रज्ञांना मान्य झाले आहे. पण त्यावरून कोणी बुवा दूरवरून उपचार करतो म्हणून पैसे मागू लागला, तर त्याला दाराबाहेरूनच वाटेला लावावे.

आता आकड्यांचे प्रत्यक्ष काम. २०१० साली अमेरिकेतील मेरीलँड येथे दोन अणू एक मीटर अंतरावर ठेवून महिनाभर हा खेळ खेळवला. तीन हजारांवर डाव झाले आणि त्यांतून दाखलेबंद असे अंक निघाले फक्त ४२, तेही शून्य किंवा एक. महिन्याच्या मजुरीत बेचाळीस नाणी! पण जगात पहिल्यानेच कोणी म्हणू शकला की, हे अंक आधी कुठे लिहिलेले नव्हते. २०१८ साली अमेरिकेच्या बोल्डर शहरातील सरकारी मापन-संस्थेने प्रकाशकण वापरून असे १,०२४ अंक काढले. २०२५ साली त्याच संस्थेने कोलोराडो विद्यापीठाबरोबर लोकांसाठी खुली सेवा चालू केली. पहिल्या चाळीस दिवसांत ७,४५४ वेळा प्रयत्न झाला आणि ७,४३४ वेळा दाखलेबंद आकडा मिळाला. आपल्या देशात बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेने २०२४ साली थोडी वेगळी वाट घेतली. दोन दूरच्या कणांऐवजी एकाच प्रकाशकणाची वेगवेगळ्या क्षणी परीक्षा घेऊन तिथे नऊ लाखांवर अंक काढले. भारत सरकारने २०२३ साली ६,००३ कोटींची राष्ट्रीय क्वांटम मोहीम मंजूर केली असून, आपल्या पुण्याच्या आयसर संस्थेतही या विषयाचे केंद्र आहे. गरिबाच्या पोराने हे शिकू नये, असे कुठे लिहिलेले नाही.

आता अटी. आम्ही सुरुवातीस 'काही अटींवर' म्हणालो, त्या लपवून चालणार नाही.

पहिली अट, पेट्यांत बोलणे होता कामा नये. निसर्गात प्रकाशाहून वेगवान निरोप नाही. सातारा ते सांगली सरळ रेषेत शंभरावर किलोमीटर. तेवढे जायला प्रकाशालाही सेकंदाच्या हजाराव्या भागाचा साधारण तिसरा हिस्सा लागतो. त्याच्या आत दोन्हीकडे चिठ्ठी दाखवून उत्तर घेतले, की निरोपाची शंका मिटली. बोल्डरची दोन केंद्रे एकशे दहा मीटर अंतरावर आहेत. तिथे वेळ आणखी हजारपटीने कमी मिळतो, म्हणून घड्याळे फार बारीक लागतात.

दुसरी अट, पंचांच्या चिठ्ठ्या पेटी करणाऱ्याला आधी माहीत नसाव्यात. म्हणजे थोडा बिनठरवलेला अंश आधी लागतोच. हे विरजणासारखे आहे. चमचाभर दही असल्याखेरीज दही लागत नाही. पण चमचाभर असले, तर पातेलेभर लागते. चमचाभराचे पातेलेभर कसे करावे, याचे गणित बसवणाऱ्यांत उमेश वझिराणी हे मूळ भारतीय शास्त्रज्ञ आहेत. कोणी हट्टाने म्हणाला की, पंचांची नाणीसुद्धा विश्वाच्या आरंभीच लिहून ठेवली होती, तर त्याला या खेळाने खोटे पाडता येत नाही. पण असे मानले तर जगातली कोणतीच तपासणी उरत नाही. मग औषधाची परीक्षाही खोटी आणि हिशेबाचीही.

तिसरी अट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. दाखला फक्त आकड्याचा मिळतो. यादीतून एखाद्याचे नाव गाळले, एका मुलाचे नाव दोनदा घातले, किंवा आकडा आल्यानंतर यादी वरखाली केली, तर विज्ञान काय करणार? म्हणून बोल्डरच्या सेवेत प्रत्येक टप्प्याची नोंद एकमेकींत साखळीसारखी अडकवली आहे आणि ती वेगवेगळ्या संस्थांकडे राहते. मागची एक नोंद खोडली तर पुढची साखळी जुळत नाही. आमच्या कचेरीच्या भाषेत, अनुक्रमांक छापलेले पावतीपुस्तक आणि कार्बन प्रती तीन ठिकाणी.

नोंदीचे मोल आपल्या समाजाला सांगायला नको. साताऱ्याच्या प्रतापसिंह हायस्कूलात ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा या मुलाचे नाव दाखल झाले. रजिस्टरमधला त्याचा क्रमांक १९१४. तो दिवस आज महाराष्ट्र शासन विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. सव्वाशे वर्षांनंतरही ती नोंद बोट ठेवून दाखवता येते, कारण ती तेव्हाच लिहिली गेली आणि नंतर कोणी बदलली नाही.

मग आपण काय करावे? सांगलीत पुंज-विज्ञानाची पेटी येईपर्यंत वाट पाहायची काय? मुळीच नाही. त्या शास्त्रज्ञांनी जे प्रश्न विचारले, ते आपणही विचारू शकतो. जिथे सोडत असेल, तिथे तीन गोष्टी मागाव्यात. एक, सर्व अर्जदारांची क्रमवार यादी सोडतीच्या आधी लावावी. दोन, आकड्यावरून नंबर कसा लावणार, तो नियमही आधीच लेखी जाहीर करावा. तीन, आकडा या दोन्हींच्या नंतर, सर्वांसमक्ष आणि बाहेरच्या उगमातून यावा. म्हणजे कोणताही पालक तीच यादी, तोच नियम आणि तोच आकडा घेऊन घरी बसून निकाल पुन्हा काढून पाहील. भांड्यात चिठ्ठ्या असतील तर त्या सर्वांपुढे मोजाव्यात, नीट कालवाव्यात आणि उरलेल्याही उघडून दाखवाव्यात. भांड्यातली चिठ्ठी शंभर डोळे पाहतात, संगणकातली कोणी पाहत नाही. म्हणून संगणकाच्या सोडतीला जास्त कागद लागतो.

आणि एक विसरू नये. सोडत कितीही खरी असली तरी तिने जागा वाढत नाहीत. दहा मुले आणि तीन जागा असतील, तर उत्तमातला उत्तम आकडाही सात मुलांना बाहेरच ठेवणार. खरी सोडत म्हणजे कोणावर डाव्या हाताने अन्याय झाला नाही, एवढेच. प्रत्येक मुलाला चांगली शाळा, ही मागणी सोडतीने फिटत नाही.

गेल्या रविवारी आम्ही पुन्हा सांगलीस गेलो. नातू महापालिकेच्या शाळेत जातो. त्याला अंक लिहिता येऊ लागले आहेत. दाजींना आम्ही स्पष्ट सांगितले, "तुम्ही विचारलेत तेव्हा आम्ही माहीत नसताना 'खरी असते' म्हणालो, ते चुकले. पुढच्या वेळी यादी आणि नियम आधी मागू. तुम्हीही या." मग लाल-पांढऱ्या चिठ्ठ्या करून, सुनेला आणि आमच्या मुलीला भिंतीच्या दोन बाजूंना बसवून खेळ खेळवला. चाळीस डावांत तीस जिंकले. दाजी मोजायला बसले होते. म्हणाले, "पाहुणं, तिसाच्या लई वर कसं जाईना वो?" आम्ही म्हणालो, "तेच तर दाजी. ठरवून खेळलं की एवढंच."

मावशी उंबऱ्यावरच होत्या. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि विचारले, "मग त्या पेटीतलं कोण लिवतं?"

"कोणीच लिहीत नाही, मावशी."

"आन् पोराच्या शाळंचं?"

"ते माणसं लिहितात. म्हणून तर वही मागायची."

जयभीम.